बाहुलीच्या मापाचा घोडा

संग्राहक बाहुल्यांसाठी कपडे, बूट, खुर्च्या, चहाचे पेले, अगदी नखाएवढी पुस्तकेही मापात मिळतात. घोडा मात्र सहजी मिळत नाही. दुकानातून आणलेला घोडा बाहुलीशेजारी उभा केला की कधी तो मोठ्या कुत्र्याएवढा दिसतो, कधी बाहुलीच त्याच्या पोटाखाली झाकली जाते. वर बसवावे तर तिचे पाय जमिनीला टेकतात, नाहीतर ताठ पाय दोन्ही बाजूंना आडवे पसरतात. यामागे तीन कारणे आहेत. बाहुल्यांची मापे एकसारखी नसतात. घोड्यांच्या जातींमध्ये उंचीचा फरक दुपटीहून अधिक असतो. आणि खेळण्यांचे कारखाने घोडा बनवताना खऱ्या घोड्याइतकाच खोक्याच्या आकाराचा आणि विक्रीच्या किमतीचा विचार करतात.

बाहुलीचे प्रमाण आणि बाहुलीचे वय

खऱ्या वस्तूचे सहा सेंटिमीटर बाहुलीच्या जगात एक सेंटिमीटर होत असतील, तर ते प्रमाण १:६. मॅटेल कंपनीची बार्बी ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी प्रदर्शनात प्रथम मांडली गेली. तिची उंची साडेअकरा इंच, म्हणजे सुमारे २९ सेंटिमीटर. तिला सहाने गुणले तर १७५ सेंटिमीटर उंचीची तरुणी मिळते. १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने बारा इंची जी. आय. जो हा सैनिक बाजारात आणला. त्याच्या उंचीला सहाने गुणले की बरोबर सहा फूट होतात. त्यामुळे बार्बी, ब्रिटनची सिंडी, बारा इंची सैनिक आणि चित्रपटांतल्या पात्रांच्या तेवढ्याच उंचीच्या प्रतिकृती ही सगळी मंडळी १:६ च्या घरात राहतात. लहान बाहुलीघरांचे रूढ प्रमाण १:१२ आहे. तिथे एका फुटाला एक इंच असा सोपा हिशेब असतो. वास्तुविशारद एडविन ल्युटेन्स यांनी राणी मेरीसाठी उभारलेले आणि आता विंडसर किल्ल्यात असलेले प्रसिद्ध बाहुलीघर याच प्रमाणाचे आहे.

गोंधळ सुरू होतो तो बाहुलीचे वय बदलले की. अमेरिकन गर्ल मालिकेतल्या बाहुल्या अठरा इंचांच्या, म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटर उंच असतात. त्या प्रौढ बाई मानल्या तर प्रमाण १:४ च्या जरा खाली येईल. पण त्या नऊ-दहा वर्षांच्या मुली आहेत. नऊ वर्षांच्या मुलीची उंची साधारण १३३ सेंटिमीटर धरली, तर प्रमाण १:२.९, म्हणजे जवळजवळ १:३ होते. या एका बदलाने त्यांच्यासाठी लागणारा घोडा सुमारे एक तृतीयांशाने वाढतो.

जपानी धाटणीच्या, सांध्यांत गोलक बसवलेल्या आणि आतून इलॅस्टिकने ओवलेल्या रेझिनच्या बाहुल्यांमध्ये हा पेच अधिक ठळक दिसतो. क्योटोच्या व्होक्स कंपनीने १९९९ मध्ये आणलेली सुपर डॉल्फी सुमारे ५७ सेंटिमीटर उंच होती. तिला संग्राहक १:३ म्हणतात आणि हिशेबही जुळतो. तिच्याहून लहान, ४३ सेंटिमीटरच्या आसपासच्या बाहुल्यांना १:४ म्हणण्याची प्रथा आहे. त्यातली एखादी बाहुली चेहऱ्याने आणि बांध्याने प्रौढ असेल, तर १:४ बरोबर ठरते. त्याच उंचीची दुसरी बाहुली गोल गालांची आणि आखूड हातापायांची असेल, तर ती १:३ च्या जगातली आठ-नऊ वर्षांची मुलगी असते. फूटपट्टीवर दोघी सारख्याच भरतात, पण घोडे वेगवेगळे लागतात. म्हणून खोक्यावर छापलेले प्रमाण किंवा बाहुलीची नुसती उंची पुरेशी ठरत नाही. ही बाहुली कोण आहे, किती वर्षांची आहे, हे आधी ठरवावे लागते.

घोडा कुठून मोजायचा

घोड्याची उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत. मान जिथे पाठीला मिळते, तिथे दोन खांद्यांच्या मधोमध हाडाचा उंचवटा असतो. जमिनीपासून त्या उंचवट्यापर्यंतचे अंतर म्हणजे घोड्याची उंची. घोडा मान वर करो की खाली, ही उंची बदलत नाही. इंग्रजी भाषक देशांत ती हँड या मापात सांगतात. एक हँड म्हणजे चार इंच, सेंटिमीटरमध्ये १०.१६. या मापातल्या टिंबानंतरचा आकडा दशांश नसून उरलेले इंच असतो, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. १५.२ हँड म्हणजे पंधरा हँड आणि दोन इंच, म्हणजेच साडेपंधरा हँड किंवा सुमारे १५७ सेंटिमीटर.

खेळण्यांच्या खोक्यावर बहुधा कानाच्या टोकापर्यंतची उंची दिलेली असते. मान उंचावलेल्या घोड्यात ती खांद्यापर्यंतच्या उंचीपेक्षा बरीच जास्त भरते, आणि मान खाली घालून चरणाऱ्या घोड्यात ती दिशाभूलच करते. विक्रेत्याकडून खांद्याच्या उंचवट्याचे माप मागवणे, किंवा छायाचित्रावर ते स्वतः काढणे, हा खात्रीचा मार्ग आहे. चित्रकार आणि शिल्पकार एक ठोकताळा वापरतात. साधारण बांध्याच्या घोड्याचे डोके अडीच वेळा एकावर एक ठेवले की त्याची खांद्यापर्यंतची उंची मिळते, आणि छातीपासून ढुंगणापर्यंतची लांबी त्या उंचीइतकीच असते. एखाद्या खेळण्यातल्या घोड्याचे डोके या हिशेबाने फार मोठे निघाले, तर तो शिंगरू किंवा तट्टू म्हणून खपेल. उमद्या जातीचा घोडा म्हणून तो पटणार नाही.

आता जाती. शर्यतीचा थरोब्रेड साधारण १६ हँड, म्हणजे १६३ सेंटिमीटर असतो. अरबी घोडा त्याहून बुटका, बहुधा १५ हँडच्या आसपास. इंग्लंडचा ओझी ओढणारा शायर घोडा १७ हँड म्हणजे १७३ सेंटिमीटर आणि त्याहून उंच. १४.२ हँड म्हणजे सुमारे १४८ सेंटिमीटरपर्यंतच्या जनावराला सामान्यतः तट्टू मानतात. शेटलंड तट्टू ब्रिटनच्या नियमांनुसार ४२ इंच, म्हणजे १०७ सेंटिमीटरपेक्षा उंच चालत नाही. अर्जेंटिनाचा फालाबेला तर ८६ सेंटिमीटरच्याही खाली राहतो.

हे आकडे प्रमाणाने भागले की हवे ते माप हाती येते. १६ हँडचा घोडा १:३ मध्ये ५४ सेंटिमीटर, १:४ मध्ये ४१, १:६ मध्ये २७, १:९ मध्ये १८ आणि १:१२ मध्ये साडेतेरा सेंटिमीटर होतो, तोही खांद्यापर्यंत. बार्बीचा घोडा २७ सेंटिमीटरचा असेल, तर त्याच्या खांद्याचा उंचवटा जवळजवळ तिच्या डोळ्यांच्या रेषेत येतो. खऱ्या जगात उंच बाई थरोब्रेडशेजारी उभी राहिली की असेच दिसते. दुकानात टेप नसेल, तर डोळ्यांच्या रेषेची ही खूण चांगले काम देते.

१:६ ची ओढाताण

बार्बीसाठी मॅटेलने अनेक घोडे काढले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डान्सर आला, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सोनेरी अंगाची, पांढऱ्या आयाळीची डॅलस ही घोडी बरीच लोकप्रिय झाली. या घोड्यांचा मुख्य उपयोग केस विंचरण्याचा. म्हणून आयाळ आणि शेपूट लांबलचक ठेवतात, डोळे मोठे काढतात आणि पाय वास्तवापेक्षा बारीक करतात. त्यांचे अंगही मुद्दाम अरुंद केलेले असते. खऱ्या घोड्याचे पोट सुमारे ६० सेंटिमीटर रुंद धरले तर १:६ मध्ये ते १० सेंटिमीटर भरते, आणि एवढ्या रुंदीवर जुन्या बार्बीला मांड टाकता येत नव्हती. १९५९ च्या बार्बीचे पाय कमरेतून फक्त पुढेमागे हलत. गुडघ्यात वाकणारे पाय १९६५ मध्ये आले, तरी मांड्या बाजूला उघडत नव्हत्या. २०१५ मध्ये बावीस सांध्यांची ‘मेड टू मूव्ह’ बार्बी आल्यावर स्वार होण्याचा हा प्रश्न बराच सुटला. मात्र या बाहुलीला अरुंद जुना घोडा दिला की तो खोटा दिसतो, कारण बाहुलीची बैठक खरी झालेली असते.

मुलग्यांच्या खेळण्यांमुळे १:६ मध्ये चांगली भर पडली. लुई मार्क्सच्या अमेरिकन कारखान्याने १९६५ मध्ये जॉनी वेस्ट हा साडेअकरा इंची काउबॉय आणि त्याचा थंडरबोल्ट हा घोडा आणला. पुढच्या दहा वर्षांत या मालिकेत स्त्री-पुरुष, सैनिक आणि आदिवासी पात्रांसह आणखी घोडे आले. ते पाश्चिमात्य घोडेस्वारीचे होते, स्वार ठेवण्यासाठीच बनवलेले होते आणि कठीण प्लॅस्टिकचे असल्याने टिकले. आजही बार्बीचे संग्राहक ते जुन्या बाजारातून घेतात, आणि नवे रंग देऊन किंवा नवी आयाळ लावून वापरतात. अलीकडे चीनमधल्या काही उत्पादकांनी लष्करी आणि ऐतिहासिक बारा इंची पुतळ्यांसाठी जातिवंत घोड्यांच्या रेझिनच्या प्रतिकृती काढल्या आहेत. त्यांचा बांधा, स्नायू आणि खूर अचूक असतात. मात्र ते जड असतात, पडले तर पाय तुटतो, आणि किंमत खेळण्याची न राहता शिल्पाची होते.

ब्रेयर आणि त्याची चार मापे

प्रतिकृती घोड्यांच्या छंदातले सर्वांत मोठे नाव म्हणजे ब्रेयर. शिकागोच्या ब्रेयर मोल्डिंग कंपनीने १९५० मध्ये मास्टरक्राफ्टर्स या घड्याळ कंपनीसाठी, शेल्फवरच्या घड्याळाशेजारी उभा राहणारा एक वेस्टर्न घोडा साच्यातून काढला. लोकांना तो घोडा घड्याळाविनाच हवासा झाला, आणि प्लॅस्टिकच्या वस्तू बनवणारी कंपनी घोड्यांची झाली. १९८४ मध्ये न्यू जर्सीच्या रीव्ह्ज इंटरनॅशनलने ती घेतली. १९९० पासून केंटकीतल्या लेक्सिंग्टनजवळच्या हॉर्स पार्कमध्ये ब्रेयरफेस्ट भरतो.

बाहुलीवाल्यांना ब्रेयर उपयोगी पडतो, कारण त्याची मापे ठरलेली आहेत. ‘ट्रॅडिशनल’ मालिका १:९, ‘क्लासिक’ १:१२, त्याहून लहान घोडे १:२४ आणि १९७५ मध्ये सुरू झालेली ‘स्टेबलमेट’ मालिका १:३२ प्रमाणाची. क्लासिकचे माप बाहुलीघराच्या मापाशी तंतोतंत जुळते. साडेपाच-सहा इंची बाहुल्यांच्या अंगणात तबेला उभारायचा असेल, तर दुसरीकडे पाहायची गरज पडत नाही. जर्मनीच्या श्लाइख कंपनीचे भरीव घोडे त्याहून लहान, साधारण १:२० चे असतात. त्यातला मोठा घोडा बाहुलीघरात शेटलंडच्या उंचीचा भरतो.

१:९ ची गोष्ट जरा वेगळी आहे. या प्रमाणात सहा फुटी माणूस आठ इंचांचा होतो, आणि आठ इंची बाहुल्यांपैकी बहुतेक, उदाहरणार्थ १९५० च्या दशकातली गाजलेली जिनी, लहान मुलांच्या रूपातल्या असतात. प्रौढ आठ इंची बाहुल्या शोधायला १९७० च्या दशकातल्या मेगो कंपनीच्या पुतळ्यांकडे जावे लागते. मेगोने ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ मालिकेसाठी त्या मापाचा एक घोडाही काढला होता. ब्रेयरने आपल्या घोड्यांसाठी स्वतःच स्वार बाहुल्या काढल्या, त्या याच उणिवेमुळे.

बार्बीसाठी ब्रेयरचा ट्रॅडिशनल घोडा घ्यावा का, हा छंदात वारंवार पडणारा प्रश्न आहे. त्याचे उत्तर गणितात मिळते. १६ हँडच्या घोड्याची १:९ प्रतिकृती खांद्यापर्यंत १८ सेंटिमीटर असते. तिला सहाने गुणले की १०८ सेंटिमीटर येतात, म्हणजे बार्बीच्या जगात तो शेटलंडएवढा होतो. शायरची प्रतिकृती घेतली तरी उंची ११५ सेंटिमीटरपर्यंतच पोचते. उंची शेटलंडची असली तरी बांधा शर्यतीच्या घोड्याचा राहतो. पाय लांब आणि सडपातळ, डोके लहान, मान उंच. खरे शेटलंड आखूड पायांचे, गोल पोटाचे आणि दाट आयाळीचे असते. म्हणून बार्बीच्या शेजारी थरोब्रेडऐवजी ब्रेयरच्याच ट्रॅडिशनल मालिकेतली जाड बांध्याची, दाट केसांची जात घेतली तर ती तट्टू म्हणून पटते. नवजात शिंगराचे पाय जन्मतःच जवळजवळ पूर्ण लांबीचे असतात आणि धड लहान असते. त्यामुळे मोठ्या घोड्याची छोटी प्रतिकृती शिंगरू म्हणूनही चालत नाही.

अठरा इंची मुली

अमेरिकन गर्लची सुरुवात १९८६ मध्ये प्लेझंट रोलँड यांच्या विस्कॉन्सिनमधल्या प्लेझंट कंपनीने केली. १९९८ मध्ये ती मॅटेलने विकत घेतली. १९९१ मध्ये या मालिकेत आलेली फेलिसिटी ही १७७४ च्या व्हर्जिनियातली मुलगी. तिच्या गोष्टीत पेनी नावाची तांबूस घोडी मध्यवर्ती आहे, त्यामुळे या मापाच्या घोड्याला चांगली मागणी आली. कॅनडाच्या बटाट कंपनीच्या ‘अवर जनरेशन’ मालिकेनेही अठरा इंची बाहुल्यांसाठी घोडे काढले.

हे घोडे साधारण वीस इंच उंच असतात, पण कानापर्यंत. डोके आणि मान वजा केली तर खांद्याची उंची ४० सेंटिमीटरच्या आसपास उरते. २.९ ने गुणले की ११६ सेंटिमीटर, म्हणजे साडेअकरा हँड. पूर्ण वाढीचा घोडा म्हणून ही उंची अपुरी आहे. नऊ वर्षांच्या मुलीला घोडेस्वारी शिकवणारे तट्टू म्हणून मात्र ती अगदी योग्य आहे. कथेतल्या पेनीसारखी मोठी घोडी हवी असेल, तर खांद्यापर्यंत पन्नासहून अधिक सेंटिमीटरचे जनावर लागेल, आणि ते ठेवायला मुलाच्या खोलीतले अर्धे टेबल.

एवढा मोठा घोडा कारखाने का काढत नाहीत, हे घनफळाच्या नियमावरून कळते. लांबी दीडपट झाली की घनफळ जवळजवळ साडेतीनपट होते. १:९ चा घोडा १:६ मध्ये नेला तर एवढीच वाढ होते. १:३ मध्ये नेला तर लांबी तिप्पट आणि घनफळ सत्तावीसपट होते. प्लॅस्टिक, रंग, खोके, जहाजभाडे आणि दुकानातली जागा असे सगळेच त्या मानाने वाढते. म्हणून मोठे घोडे पोकळ विनाइलचे किंवा आत कापूस भरलेले असतात, आणि मोठ्या रेझिन बाहुल्यांच्या मालकांना बहुधा लहान मुलांचे मऊ घोडे, सजावटीचे लाकडी घोडे किंवा हाताने घडवलेले शिल्प यांतूनच निवड करावी लागते. भारतात परदेशी घोडा मागवताना सीमाशुल्काचाही विचार करावा लागतो. आयात खेळण्यांवरचे मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेले गेले.

खोगीर, रिकीब आणि बैठक

माप जमले तरी काम संपत नाही, कारण खोगीर आणि लगाम यांनाही प्रमाण असते. खऱ्या लगामाचा अडीच सेंटिमीटर रुंद पट्टा १:६ मध्ये चार मिलिमीटर, १:९ मध्ये तीन मिलिमीटरपेक्षा कमी आणि १:१२ मध्ये दोन मिलिमीटर होतो. तीन मिलिमीटर जाडीचे कातडे १:६ मध्ये अर्ध्या मिलिमीटरवर येते. त्यामुळे छोटे खोगीर बनवणारे कारागीर कातडे आतून तासून पातळ करतात. बारा सेंटिमीटर रुंदीची रिकीब १:६ मध्ये दोन सेंटिमीटरची लागते, १:९ मध्ये सव्वा सेंटिमीटरच्या थोडी वर. बाजारातले तयार खोगीर बहुधा ब्रेयरच्या मापाचे असते. ते १:६ च्या घोड्यावर चढवले की मुलाचे खोगीर मोठ्याच्या घोड्यावर ठेवल्यासारखे दिसते, आणि तंगही अपुरा पडतो.

स्वाराची बैठक हा मापाचा चांगला दाखला ठरतो. खोगिरावर नीट बसलेल्या प्रौढ स्वाराची टाच घोड्याच्या पोटाच्या खालच्या रेषेजवळ येते. टाच बरीच खाली लोंबत असेल तर घोडा लहान आहे, आणि पाऊल पोटाच्या मध्यावरच थांबत असेल तर तो मोठा आहे किंवा बाहुली मूल आहे. प्रतिकृती घोड्यांच्या स्पर्धांमध्ये स्वारासह प्रसंग मांडण्याचा वेगळा वर्ग असतो. तिथे परीक्षक अशाच गोष्टी पाहतात. लगाम हातात आहे का, तंग कसलेला आहे का, खोगीर खांद्याच्या उंचवट्यामागे नेमके बसले आहे का, स्वाराची नजर घोडा जातो त्या दिशेला आहे का. पाय रिकिबीत टिकवण्यासाठी थोडे चिकट मेण लावणे छंदात मान्य आहे.

कुठे सवलत चालते

सगळ्यांनाच काटेकोर माप हवे असते असे नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचा मावळा बुरुजापेक्षा उंच आणि त्याचा घोडा दरवाजातून आत न मावणारा असतो, तरी किल्ल्याची रंगत कमी होत नाही, कारण तिथे प्रत्येक पुतळा कोण आहे हे कळले की पुरे. खेळणाऱ्या मुलाचेही तसेच असते. मांडणी आणि छायाचित्रण करणाऱ्या संग्राहकाचे प्रश्न वेगळे असतात. मात्र त्यालाही एक सोय उपलब्ध आहे. कॅमेऱ्यासमोर बाहुली पुढे आणि लहान प्रमाणाचा घोडा मागे ठेवला, तर तो दूर उभा असलेला पूर्ण मापाचा घोडा वाटतो. यासाठी दोघांचे पाय एकाच जमिनीच्या रेषेत दिसू न देणे आणि दोन्ही स्पष्ट उमटतील इतकी खोली छायाचित्रात ठेवणे आवश्यक असते. बाहुलीचा हात लगामाला लावायचा असेल, तर ही युक्ती चालत नाही.

मांडणीसाठी घोडा निवडताना क्रम ठरलेला असावा. आधी बाहुली कोण आणि किती वयाची हे ठरवून तिचे खरे प्रमाण काढावे. मग घोड्याची जात निवडून तिची खांद्यापर्यंतची उंची त्या प्रमाणाने भागावी. त्यानंतर डोके, धड आणि पाय त्या जातीशी जुळतात का हे पाहावे, आणि शेवटी खोगीर व बैठक तपासावी. नेमके माप मिळालेच नाही, तर चूक लहानपणाकडे झालेली बरी. ८० सेंटिमीटरपासून पुढे प्रत्येक उंचीची कोणती ना कोणती जात पृथ्वीवर आहे, त्यामुळे योग्य बांध्याचा लहान घोडा नेहमीच तट्टू म्हणून बसवता येतो. वरच्या बाजूला अशी मोकळीक नाही. १८ हँडच्या, म्हणजे १८३ सेंटिमीटरच्या पलीकडचे घोडे फारच विरळा. बार्बीसाठी ही सीमा खांद्यापर्यंत साडेतीस सेंटिमीटरवर येते. त्याहून उंच घोडा कितीही सुबक असला, तरी त्याला एखाद्या जातीचे नाव देणे अवघड जाते.